वाढलेलें झाड हलवितांना

संस्कृतांत झाडाला ‘पादप’ असें एक नांव आहे. पादप म्हणजे पायांनीं पिणारा. शाळेंत हा शब्द मीं पस्तीस वर्षें मुलांना समजावून दिला, फळ्यावर त्याचा विग्रह लिहिला, आणि मुलांनीं तो वहींत उतरून घेतला. परंतु त्याचा खरा अर्थ मला स्वतःला कळला तो माझ्या हातून एक झाड मेल्यानंतर. बागेंत रुजून वाढलेलें, फुलावर आलेलें शोभेचें झाड एका जागेवरून दुसऱ्या जागीं कसें न्यावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. एक झाड गमावलें आणि एक वांचविलें, एवढीच या विषयांतील माझी पात्रता.

गमावलेलें झाड बहाव्याचें. २००९ सालीं आमच्या आवारांत पाण्याची टांकी बांधावयाचें ठरलें, आणि टांकीच्या नेमक्या जागेवर आमच्या सौभाग्यवतींनीं दहा वर्षांपूर्वीं लावलेला बहावा उभा होता. एप्रिल महिना होता. एका रविवारीं सकाळीं मीं दोन मजूर बोलाविले. बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यांनीं कुदळ चालविली, फांद्या खांडून टाकल्या, आणि दुपारच्या जेवणापूर्वीं बहावा चाळीस पावलांवरच्या नव्या खड्ड्यांत उभा केला. खड्डा चांगला चार फूट खोल होता, आणि माझ्या औदार्याची खूण म्हणून तळाशीं दोन टोपल्या ओलें शेण घातलेलें होतें. पंधरा दिवसांत झाडाला पोपटी पालवी फुटली. मीं शेजारीं पेढे वांटले. मे अखेर ती पालवी करपली. सौभाग्यवती रोज नखानें खोडाची साल किंचित् खरवडून पाहत. सालीखालीं जोंवर हिरवें दिसतें तोंवर झाड जिवंत असतें. तो हिरवा रंग दर आठवड्यास थोडाथोडा खालीं उतरत गेला, आणि आषाढ लागला तेव्हां पायथ्याशींही तपकिरी झाला. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहींत. पाण्याची झारी मात्र दुसऱ्या दिवसापासून तुळशीकडे गेली.

आतां या मृत्यूची कारणें पाहूं.

झाड पायांनीं पितें खरें, पण कोणत्या पायांनीं? बुंध्याजवळ जीं मनगटाएवढीं मुळें दिसतात, तीं पाणी शोषीत नाहींत. तीं पाणी वाहून आणणारे नळ आहेत, आणि झाडाला उभें धरणारे दोर आहेत. पिण्याचें काम करतात त्यांच्या टोंकांकडील सुतासारख्या बारीक मुळ्या व त्यांवरील मूलरोम; आणि हीं टोंकें असतात बुंध्यापासून पुष्कळ दूर, फांद्यांच्या सांवलीच्या कडेला आणि कित्येकदां तिच्याही पलीकडे. आपली दुसरी एक समजूत अशी असते कीं, झाड जितकें वर तितकेंच खालीं. शाळेच्या पुस्तकांतील चित्रांनीं ही समजूत पक्की केली आहे, आणि तीं चित्रें मुलांकडून काढवून घेणाऱ्यांत मीही होतों. वस्तुतः बहुतेक झाडांचीं पाणी पिणारीं मुळें जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेलीं असतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि हवा मिळते ती वरच्या थरांत. अंगणभर पातळ वाळवण पसरावें आणि त्याच्या मधोमध एक खांब रोवावा, तसें झाडाचें खरें चित्र आहे.

मजुरांनीं हातभर अंतरावर कुदळ मारली तेव्हां खांब तेवढा आमच्या हातीं आला आणि वाळवण जमिनींतच राहिलें. मग पालवी कशी फुटली? खोडांत आणि जाड मुळांत झाडानें अन्न व ओलावा सांठवून ठेवलेला असतो. त्या शिलकेवर ती फुटली. नवीं पानें मोठीं झालीं, वैशाखाच्या उन्हांत तीं पाणी मागूं लागलीं, आणि देणारें कोणी नव्हतें. म्हणून हलविलेल्या झाडाला पहिली पालवी आली म्हणजे झाड लागलें असें कोणीं समजूं नये. पेढे निदान दोन पावसाळे थांबवावेत. खड्ड्याची चूकही तितकीच मोठी होती. ओलें शेण कुजतांना तापतें, आणि मागाहून खचतें. झाड त्याबरोबर खालीं बसलें, बुंध्याचा पायथा वीतभर मातीखालीं गेला, आणि खोल खड्ड्याच्या तळाशीं पाणी सांचून उरल्यासुरल्या मुळांचा श्वास कोंडला.

त्याच आषाढांत सौभाग्यवतींनीं रोपवाटिकेंतून ताम्हणाचें हातभर रोप आणून फाटकाजवळ लावलें. ताम्हण हें महाराष्ट्राचें राज्यपुष्प. एप्रिल-मे महिन्यांत त्याला जांभळ्या, चुणीदार पाकळ्यांचे उभे तुरे येतात. शास्त्रीय नामांत त्याच्या प्रजातीला ‘लागरस्ट्रोमिया’ म्हणतात. लिनियसनें हें नांव स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीतील आपल्या एका स्नेह्यावरून दिलें. आमच्या कोंकणच्या ओढ्याकाठीं आपण होऊन उगवणाऱ्या झाडाला अशा रीतीनें स्वीडिश आडनांव चिकटलें आहे. असो. रोप वाढलें, सहाव्या वर्षीं फुललें. आणि २०२१ च्या मार्चांत रस्ता रुंद होणार असल्याची नोटीस आली. पुढील वर्षीं दिवाळीच्या सुमारास कुंपणाची भिंत दहा फूट आंत येणार होती. ताम्हण त्या दहा फुटांत होता. सौभाग्यवतींनीं नोटीस वाचून माझ्या हातीं परत दिली आणि म्हणाल्या, “या वेळीं घाई करूं नये.”

मीं घाई केली नाहीं. प्रथम परवानगी मागितली. शहरांतील झाड आपल्या स्वतःच्या आवारांत असलें तरी १९७५ सालच्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें त्याला हात लावण्यापूर्वीं वृक्ष-प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पन्नास वर्षें वा त्याहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनें आणखी संरक्षण दिलें आहे. अर्जाचा निकाल होईपर्यंत मीं ग्रंथालयांत बसून या विषयावर जें हातीं लागेल तें वाचलें, आणि असें दिसलें कीं, माणूस हा उद्योग फार जुन्या काळापासून करीत आला आहे. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं मिसरची राणी हात्शेप्सुत हिनें पुंट देशांतून सुगंधी धुपाचीं झाडें गलबतांतून आणविलीं. तिच्या देवळाच्या भिंतीवर, मुळें मातीसकट टोपल्यांत घातलेलीं तीं झाडें माणसें खांद्यावर वाहून नेत आहेत, असें कोरलेलें आजही दिसतें. आपल्याकडे वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचें एक प्रकरण घातलें आहे. झाड हलवितांना त्याला मुळापासून खांद्यांपर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा असें तो सांगतो. या लेपानें झाड जगतें कीं नाहीं हा प्रश्न बाजूस ठेवूं. मला त्यांत दिसलें तें हें कीं, उपटलेल्या झाडाचीं मुळें उघडीं राहूं नयेत, वाळूं नयेत, याची त्याला काळजी होती.

परंतु माझे डोळे उघडले ते जपानच्या एका शब्दानें. तेथील माळी मोठें झाड हलविण्यापूर्वीं कांहीं महिने, कधीं वर्ष-दोन वर्षें आधीं, झाडाभोंवतीं फिरून मुळें टप्प्याटप्प्यानें कापून ठेवतात. या कामाला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. अर्थ, मुळांभोंवतीं फिरणें. हा शब्द पुढें तेथल्या कचेऱ्यांत शिरला. एखादा ठराव सभेपुढें आणण्यापूर्वीं प्रत्येकाला खासगींत भेटून त्याचें मन तयार करणें, यालाही आतां नेमावाशीच म्हणतात. आमच्या शिक्षकांच्या सभा आठवून मला वाटलें, हा शब्द पूर्वींच ठाऊक असता तर बरें झालें असतें.

यांतील मर्म असें आहे. जाड मूळ स्वच्छ कापलें कीं कापाच्या पाठीमागून नव्या बारीक मुळ्यांचा झुपका फुटतो. म्हणजे जीं पिणारीं तोंडें बारा-पंधरा फुटांवर होतीं तीं आपणांस बुंध्याजवळ बोलावून घेतां येतात. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सगळीं मुळें एका दिवशीं कापून चालत नाहीं; कारण नवीं तोंडें फुटेपर्यंत जुन्या तोंडांनीं झाडाला पाजीत राहिलें पाहिजे.

मापाचा भाग मास्तरांच्या आवडीचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतों. जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंध्याला सुतळी गुंडाळून घेर मोजावा. आमच्या ताम्हणाचा घेर १३ इंच भरला. त्याला ३.१४ नें भागिलें म्हणजे व्यास चार इंचांहून किंचित् अधिक येतो. व्यासाच्या निदान दसपट रुंदीचा मातीचा गड्डा मुळांबरोबर उचलावा, असा नियम आहे. मीं ४४ इंच रुंदी व २० इंच खोली धरली. खालीं निमुळता होत जाणारा असा गड्डा सुमारें १४ घनफूट होतो, आणि ओल्या मातीचा एक घनफूट ४५ ते ५० किलो भरतो. म्हणजे केवळ मातीचें ओझें साडेसहाशें किलोंच्या घरांत गेलें. ज्यांना वाटतें कीं दोन गडी लावून झाड उचलूं, त्यांनीं हा हिशेब आधीं कागदावर करून पाहावा. बुंध्याचा व्यास दुप्पट झाला कीं गड्डा चारपटींहून अधिक जड होतो. म्हणूनच हातभर जाडीच्या झाडांच्या नादीं घरगुती माणसानें लागूं नये, असें माझें मत आहे. तें यंत्रांचें आणि जाणत्या लोकांचें काम आहे. शिवाय लहान वयांत हलविलेलें झाड लवकर सांवरतें आणि पुष्कळदां मोठ्याला गांठतें.

जूनमध्यें पहिला पाऊस जमिनींत मुरल्यावर मीं बुंध्याभोंवतीं ३६ इंच व्यासाचें वर्तुळ आंखलें व त्याचे सहा भाग पाडले. गड्डा ४४ इंचांचा असतां वर्तुळ ३६ इंचांचें कां, असें कोणी विचारील. नव्या मुळ्या कापाच्या टोंकाशीं फुटून बाहेरच्या बाजूस वाढतात. शेवटची खणणी जर पहिल्या कापावरच केली, तर वर्षभर वाढविलेल्या मुळ्या आपणच छाटून टाकल्या, असें व्हावयाचें. म्हणून पहिला चर आंत घ्यावा व झाड उचलतांना चार-पांच इंच बाहेरून खणावें. सहांपैकीं एकाआड एक असे तीन भाग त्या जूनमध्यें खणले. चर फूटभर रुंद, दोन फूट खोल. चरांत आडवीं आलेलीं मुळें कुदळीनें तोडलीं नाहींत, कारण कुदळीनें मूळ चिरडतें आणि चिरडलेलें मूळ कुजतें. बोटाएवढें मूळ कात्रीनें, त्याहून जाड तें बारीक दातांच्या करवतीनें कापलें. मग निघालेल्या मातींत कुजलेला पालापाचोळा मिसळून चर पुन्हां भरला. उरलेले तीन भाग सप्टेंबरांत तसेच खणले. त्यावेळीं कुतूहल आवरेना म्हणून जूनच्या एका चरांतली माती हातानें थोडी बाजूस केली. करवतीच्या कापाभोंवतीं पांढऱ्या शेवयांसारख्या मुळ्या फुटलेल्या होत्या. सौभाग्यवतींना हांक मारून दाखविल्या. त्यांनीं वांकून पाहिलें आणि “झांका आतां,” एवढेंच म्हणाल्या.

हलविण्याच्या वेळेविषयीं दोन मतें आहेत. पानगळीचें झाड निष्पर्ण असतांना न्यावें, हें थंड देशांतील मत योग्यच आहे. ताम्हण फेब्रुवारी-मार्चांत उघडा असतो. परंतु दख्खनच्या पठारावर त्यामागून लगेच उन्हाळा येतो; नवीं मुळें धरण्यापूर्वींच झाड भट्टींत सांपडतें. पावसाळ्याच्या आरंभीं हवा दमट, आभाळ झांकलेलें, जमीन मऊ व उबदार असते, मुळें झपाट्यानें वाढतात. मीं दुसरें मत स्वीकारलें, आणि २०२२ च्या जून अखेरीस दिवस ठरविला.

नवा खड्डा आठवडाभर आधीं तयार ठेवला होता. रुंदी सात फूट, खोली मात्र गड्ड्याहून इंचभर कमीच. खड्डा पसरट असावा, खोल नसावा, हा धडा मला बहाव्यानें शिकविला होता. खड्ड्यांत पाणी भरून रात्रभर ठेवलें, सकाळपर्यंत जिरलें. काळ्या मातींत तें जिरत नसेल, तर जागा बदलावी, किंवा झाड चार-सहा इंच उंचवट्यावर बसवावें. खत घातलें नाहीं. जी माती निघाली तीच परत भरावयाची. खड्ड्यांत गोडधोड भरून ठेवलें म्हणजे मुळें तेथेंच घुटमळतात, बाहेरच्या जमिनींत जावयास राजी होत नाहींत.

झाड आदल्या दिवशीं भरपूर भिजविलें. मग बाहेरून खणून गड्डा मोकळा केला, त्याला ओलें गोणपाट घट्ट गुंडाळलें, वरून सुतळीचें जाळें विणलें, आणि सर्वांत शेवटीं खालचीं सरळ गेलेलीं मुळें करवतीनें कापलीं. लोखंडी खांबांच्या तिकाटण्याला सांखळीची कप्पी टांगून गड्डा उचलला, फळीवर घेतला, फळीखालीं लोखंडी नळ्यांचे रूळ घातले, आणि तीस फूट अंतर दोन तासांत काटलें. आमचे माळीबुवा अनुभवी गृहस्थ. ते सारखे एकच सांगत होते : “गुरुजी, खोडाला हात लावूं नका. ओढायचं तें मातीला ओढा.” त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. खोड धरून ओढलें कीं गड्डा फुटतो, आणि गड्डा फुटला कीं वर्षाची मेहनत गेली. नव्या जागीं बुंध्याचा फुगीर पायथा जमिनीच्या वर दिसत आहे ना, हें काठी आडवी धरून पाहिलें, वरचें गोणपाट कापून काढलें, आणि माती भरून पाण्यानें बसविली.

फांद्यांबद्दल माझा माळीबुवांशीं थोडा वाद झाला. झाड हलविलें कीं त्याचें मुंडण करावयाचें, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. मुळें कमी झालीं, म्हणून पानेंही कमी करावीं, हा त्यामागचा विचार वरकरणी सयुक्तिक दिसतो. परंतु नवीं मुळें करावयास लागणारें अन्न पानेंच तयार करतात, आणि मुळें फुटण्याची प्रेरणाही शेंड्याच्या कोंवळ्या अंकुरांतून खालीं येते. स्कॉटलंडांतील सर हेन्री स्ट्युअर्ट या जमीनदारानें आपल्या उद्यानांत मोठमोठीं झाडें हलवून १८२८ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानेंही या छाटाछाटीचा निषेधच केला आहे. रस्त्याच्या कामांत हलविलेलीं, फांद्या पार खांडलेलीं झाडें आपण कधीं पाहिलीं असतील. त्या खुंटांची दशा पाहून स्ट्युअर्टचें म्हणणें पटतें. मुळें अगोदर तयार केलेलीं नसतील, तर थोडी विरळणी नाइलाजानें करावी लागते. मीं फक्त मोडक्या व एकमेकींवर घांसणाऱ्या फांद्या काढल्या, आणि पश्चिमेच्या उन्हाकडे महिनाभर हिरवी जाळी बांधली. माळीबुवा नाराज झाले. चहा घेऊन गेले.

पुढचें काम कंटाळवाणें आहे, आणि बहुतेक झाडें येथेंच दगावतात. पाऊस पडून भोंवतालची जमीन चिंब असली तरी गड्डा आंतून कोरडा असूं शकतो, कारण सगळीं मुळें अद्याप त्या गड्ड्यांतच असून तीं तेवढ्याच मातींतलें पाणी ओढीत असतात. म्हणून आळें गड्ड्यावरच करावें, आणि बोट चार इंच आंत घालून पाहावें. बोटाला माती चिकटली तर पाणी देऊं नये; कोरडी लागली तर दोन-तीन बादल्या सावकाश द्याव्या. रोज सवयीनें ओतीत राहणें हेंही झाड मारण्याचेंच साधन आहे. आळ्यांत तीन इंच पालापाचोळा पसरला, बुंध्याजवळची वीतभर जागा उघडी ठेवून. आधारास तीन बाजूंनीं दोऱ्या बांधल्या, खोडाला सायकलीची जुनी ट्यूब गुंडाळून, आणि त्याही किंचित् सैल. वाऱ्यानें थोडें डोललेलें खोडच बळकट होतें. वर्षानें त्या सोडल्या. पहिलें वर्षभर खत दिलें नाहीं.

सर्वच झाडांना एवढा खटाटोप लागत नाहीं. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून चार-आठ दिवस वाळवून लावली तरी ती लागते. ताड-माडांच्या जातीच्या शोभेच्या झाडांना लहानसा गड्डाही पुरतो. वड, पिंपळ, उंबर हे चिवट आहेत. उलट, ज्यांचें सोटमूळ सरळ खोल गेलेलें असतें आणि बाजूचीं मुळें थोडीं, त्यांच्या वाटेस मोठेपणीं जाऊं नये, बहावा त्यांतलाच. म्हणजे २००९ सालीं मीं सर्व कांहीं नीट केलें असतें तरी तो जगला असताच, असें मी म्हणत नाहीं. सौभाग्यवतींनाही मीं हें एकदां सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें.

ताम्हणाचा एक शेंडा त्या हिवाळ्यांत वाळला. २०२३ चीं पानें नेहमींपेक्षां लहान निघालीं, आणि फूल एकही आलें नाहीं. त्या उन्हाळ्यांत मीं पुन्हां रोज नखानें साल खरवडूं लागलों, तेव्हां सौभाग्यवतींनीं मला थांबविलें; अशानें झाडाला जखमा होतात, त्या म्हणाल्या, आणि तें खरें होतें. जुलैमध्यें कोंवळ्या फांद्या हातभर वाढल्या तेव्हां मुळें गड्ड्याबाहेर पडलीं असावींत, असा तर्क मीं केला. २०२४ च्या एप्रिलांत खालच्या फांदीला तीन तुरे आले. त्यांतील एकही तोडूं दिला गेला नाहीं. देवपूजेला तो सबंध महिना आम्हीं शेजाऱ्यांकडून जास्वंद आणली.